नोबिनचे सतरा रिव्हेट

सतराव्या रिव्हेटभोवती मी खडूने गोल काढला आणि नोबिन पायाडावरच मटकन बसला.

"बाबू, पाच वाजता माझं काय?"

पन्नास सालानंतरची गोष्ट. कलकत्त्याला गार्डन रीचच्या एका जहाजकारखान्यात मी तपासनीस होतो. हुगळीवर उतारू नेणारी लाँच बांधून होत आली होती. तेव्हा पोलादी पत्रे रिव्हेटने, म्हणजे लालभडक तापवलेल्या जाड खिळ्याने जोडत. एकाने तो मागून दाबून धरायचा, दुसऱ्याने पुढून ठोकायचा. माझं काम आरामाचं. रिव्हेटच्या डोक्याच्या एका कडेला बोट लावून दुसरीकडून हातोडी मारायची. बोटाला थरथर जाणवली की रिव्हेट सैल.

नियम कडक होता. ज्याचे रिव्हेट सैल, त्याने पाचच्या आत ते कापून नवे बसवायचे. नाहीतर नोकरी गेली. ते सतरा ठोकणाऱ्या नोबिनला मलेरिया झाला होता. हजेरी बुडेल म्हणून त्याने ताप लपवला. आता त्याला धड उभंही राहवत नव्हतं आणि घरात पाच खाणारी तोंडं होती.

मी पडलो मऊ. फोरमन बिश्वाससाहेबांकडे गेलो. ते बंगाली ख्रिस्ती. नियम त्यांनीच केलेला.

"साहेब, खडू पुसून टाकतो. माणूस चांगला आहे."

"आहेच. पण पाणी ते विचारून आत येणार का? लाँचमध्ये दोनशे माणसं असतील."

"मग काढणार त्याला?"

"का म्हणून? माझा माणूस आहे तो."

त्यांनी नोबिनला दवाखान्यात पाठवलं, कोट काढला आणि हातोडा उचलला. मला म्हणाले, "देवधरबाबू, मागून धरा."

दहा वर्षं त्यांनी हातोडा धरला नव्हता. चौथ्या रिव्हेटलाच तळहाताला फोड आले, सातव्याला ते फुटले. पलीकडे माझी हाडं खिळखिळी होत होती. सतराही बसले तेव्हा साडेचार झाले होते. साहेबांनी एकेक माझ्याकडून तपासून घेतला. एकही हलला नाही.

चहा पिताना मी म्हणालो, "नियम तुमचाच. एकदा सोडून द्यायचात."

"देवाबद्दल आम्ही हेच मानतो," ते म्हणाले. "नुसतं प्रेम करून त्याने पाप तसंच ठेवलं असतं, तर माणूस बुडाला असता. नुसता न्याय केला असता, तर कुणी वाचलंच नसतं. म्हणून न्याय करणाऱ्यानेच शिक्षा अंगावर घेतली. क्रूस तो हाच. मी काय, सतराच ठोकले."

"आणि मला का राबवलंत?"

"तुम्ही फुकटात दया करत होतात."

आम्ही दोघंही खूप हसलो.

आठवड्याने नोबिन कामावर आला. लाँच पाण्यात उतरली होती, आत थेंबही नव्हता. काय झालं ते त्याला कळलं होतंच; त्याने साहेबांचे पट्ट्या बांधलेले हात पाहिले. तापात न रडलेला माणूस तेव्हा मात्र ढसाढसा रडला.

मी काही ख्रिस्ती झालो नाही. पण तेव्हापासून कुणाला माफ करण्याची गोष्ट निघाली की माझी ना नसते. फक्त निस्तरणार कोण, तेवढं मी आधी विचारून घेतो.