खात्रीवाल्याचा फेटा

येरमाळ्याच्या जत्रेत तंबू ठोकणाऱ्या एका वैद्यानं कळंबच्या एका आडत्याला फसवलं. त्या आडत्यानं, स्वतःलाही न कळता, आपल्या बायकोला फसवलं. हे सगळं मी निस्तरलं, आणि फेटा मात्र त्या वैद्याच्या डोक्यावर चढला. मी समोर बसून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून तळहातांना झोंबतात.

निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, पण हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. मी कळंबला नवा डॉक्टर होतो. माझे वडील बैलबाजारात दलाली करायचे. मी त्यांच्या मांडीवर बसून सौदे पाहिले, मग हैदराबादेत एका दवाखान्यात बाटल्या धुतल्या, आणि तिथंच उर्दूतून डॉक्टरी शिकलो. कुणी बोट धरून वर आणलं नाही. म्हणून मला राग लवकर येतो आणि माल पारखल्याशिवाय मी हात मिळवत नाही.

तर दवाखान्यात एक म्हातारी सुनेला घेऊन आली. म्हातारीला सगळे अव्वा म्हणत. त्या आळंदकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. सून गौराबाई, माकणीच्या शेतकऱ्याची लेक. चौथा महिना चालू होता.

"डॉक्टर, हिला बघा," अव्वा म्हणाल्या. "पैलं सातव्या महिन्यात मेलेलंच झालं. दुसरं जितं झालं, पण नाक सदा चोंदलेलं. हातापायाच्या तळव्यांची सालपटं निघाली. बारशाआधीच गेलं. हिच्या पोटातच खोट हाय. ह्या येळेला न्हाय राहिलं, तर दुसरी पोरगी बघून ठेवलीया म्या."

गौराबाई खाली बघून पदराची गाठ सोडत-बांधत होत्या.

तळव्यांची सालपटं म्हटल्यावर माझे कान टवकारले. या रोगाला आपल्याकडं गरमी म्हणतात. शिकताना मी त्याला आतशक म्हणत होतो, दवाखान्यातले साहेब सिफिलिस म्हणत. जुने वैद्य त्याला फिरंगरोग म्हणायचे, म्हणजे फिरंग्यांनी आणलेला. एकूण काय, हा रोग कायम दुसऱ्याच्या गावचा असतो. आपल्या घरचा कधीच नसतो.

मी अव्वांना एवढंच सांगितलं, "रक्त तपासावं लागेल. मालकांनाही भेटावं लागेल."

"त्याला कशाला? त्याला काय झालंय?"

हाच खरा अडसर होता. गौराबाईंचे मालक बसप्पा, आडत्या. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानात विकून देणारा मध्यस्थ. भरल्या बाजारात गादीवर बसणारा माणूस. तो माझ्या दवाखान्याची पायरी चढला असता, तर संध्याकाळपर्यंत गावानं त्याला रोग ठरवून दिला असता. दुकानात जाऊन विचारावं, तर अवतीभवती हमाल, शेतकरी, मुनीम. माणूस मान हलवून 'न्हाय' म्हणाला, की पुढं काही करता येत नाही.

मग मला वडिलांचा धंदा आठवला.

त्या काळी माल हत्त्यानं विकला जाई. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात मिळवत. भाव तोंडानं बोलायचा नाही, बोटं दाबून सांगायचा. बघणाऱ्यांना फक्त हलणारं कापड दिसे. मी बाजाराच्या दिवशी बसप्पांच्या गादीवर जाऊन बसलो, पोत्यातली मूठभर तूर हातात घेतली आणि उपरणं पसरलं.

"डॉक्टरसाब, तुमी तूर घेता?" बसप्पा हसले.

"घेतो. हात आणा."

कापडाखाली हात मिळाले. मी तोंड त्यांच्या कानाशी नेलं. "व्हय असंल तर एकदा दाबा, न्हाय असंल तर दोनदा. लग्नाच्या आधी खालच्या अंगाला जखम झाली होती?"

बसप्पांचा हात एकदम गार पडला. चेहरा मात्र तसाच. आडत्या तो आडत्या. मग एकदा दाबला.

"दुखत होती?"

दोनदा.

"आपोआप भरली?"

दोनदा. मग बसप्पा कुजबुजले, "येरमाळ्याच्या खात्रीवाल्यानं भरली."

मला इतका राग आला, की मी मुठीतली तूर पोत्यात फेकली. शेजारच्या गादीवरचे रुस्तुमराव दलाल डोळे बारीक करून बघत होते. डॉक्टर इतका चिडला, म्हणजे माल फारच चांगला असून हातचा जातोय, असा त्यांनी हिशेब केला.

"अप्पा, डॉक्टर देत्यात त्याच्यावर माझा एक चढ," ते ओरडले.

"तुम्हाला न्हाय परवडायचा हा माल," मी म्हणालो.

"न बघताच? हिकडं आणा की हात!"

बसप्पांनी उपरण्यातून हात असा ओढून घेतला, जसा विंचवावरून.

खात्रीवाला म्हणजे तो वैद्य. पैज लावून औषध द्यायचा. जखम भरली नाही तर दाम नको, हे त्याचं बोलणं. रसकापूर द्यायचा. तो पाऱ्याचा. तोंड यायचं, हिरड्या सुजायच्या, लाळ गळायची, आणि रोगी म्हणायचा, औषध लागू पडलं. पैज तो कधीच हरला नाही. कारण गरमीची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपल्याआप भरून येते. औषध घ्या, नका घेऊ. मग अंगावर पुरळ येतं, तेही जातं. माणसाला वाटतं, सुटलो. रानातल्या कुंदा नावाच्या तणासारखं आहे हे. वरून कापला की रान साफ दिसतं, मुळी मात्र खाली खोल पसरत असते. रोग रक्तात राहतो. संगातून बायकोला जातो, बायकोकडून पोटातल्या मुलाला. बायकोला तर कधी जखम दिसतही नाही. मुलं दगावतात, आणि खोट तिच्या पोटाला लागते.

अंधार पडल्यावर दुकानामागच्या वखारीत मी बसप्पांचं रक्त काढलं आणि दोघांचंही सोलापूरला पाठवलं. निकाल अधिकच्या चिन्हांत येई. एक अधिक म्हणजे संशय, चार म्हणजे पक्कं. पुढच्या बाजारी मी पुन्हा तूर बघायला गेलो. उपरण्याखाली बसप्पांची चार बोटं गच्च आवळली.

"आणि तिचं?" ते कुजबुजले.

तीच चार बोटं मी पुन्हा आवळली.

बसप्पा उठले आणि वखारीत गेले. मी मागोमाग जाऊन दार लावलं. पोत्यांच्या थप्पीला टेकून तो धिप्पाड माणूस रडत होता. "दोन लेकरं, डॉक्टरसाब. म्याच मारली?"

"रोगानं मारली. तिसरं वाचवायचं असंल तर सौदा ऐका." मी सांगितला. दोघांनी दर आठवड्याला सुया घ्यायच्या, बाळ झालं तरी मी थांब म्हणेपर्यंत. तोवर संग बंद. दुसऱ्या पोरीचा विषय अव्वांनी सोडायचा. आणि बायकोला खरं काय ते स्वतः सांगायचं. बदल्यात मी बाजारात, अव्वांसमोर, कुठंच तोंड उघडणार नाही.

"तिला सांगायचं सोडून समदं कबूल."

"मग मी चाललो."

"आवो, जरा कमी-जास्त करा की."

"इथं घासाघीस न्हाय! तीन वर्षं तिनं तुमची खोट डोक्यावर वाहिली. तिला ठाऊक नको, ती सुया कशाच्या घेते?" मी चपला घातल्या. सौद्यात उठून जाणं ही वडिलांची विद्या. मागं वळायचं नाही, सावकाश चालायचं. मी दाराची कडी काढली, तसे बसप्पा म्हणाले, "थांबा. सांगतो."

त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी गौराबाई अव्वांना घेऊन आल्या. त्या दिवशी मान वर होती. अव्वा बाहेर बसल्यावर हळूच म्हणाल्या, "मला म्हाईत होतं, खोट माझ्यात न्हाय. द्या सुई. पण आधी यांना द्या, आणि जरा मोठी द्या."

औषध सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं, शिरेतून द्यायचं. सोबत कंबरेखाली दुसरी सुई, तिनं हमालसुद्धा ओरडावा. खोकं सोलापूरहून येई आणि निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. तिथल्या अंमलदारानं खोकं धरलं. "काय की दवा है?"

"आतशक की."

त्यानं हात असा मागं घेतला, जणू खोकंच त्याला डसणार. न उघडताच सोडलं. खोक्यानं, तांब्यानं, एका ताटात जेवल्यानं गरमी होत नाही. पण त्या दिवशी मी त्याला शिकवायला थांबलो नाही.

गावात तूर खरेदीचा माझा नाद चर्चेचा झाला. दर बाजारी मी वखारीत 'नमुने बघायला' जाई आणि बाहेर आल्यावर बसप्पा गादीवर एका कुल्ल्यावर कलून बसत.

"अप्पा, असं वाकडं का बसता?" रुस्तुमराव विचारत.

"डॉक्टरनं तुरीत लई टोचून घेतलं."

"तरी म्हणत होतो, मला द्या!"

अव्वांना सांगितलं होतं, सुनेला ताकदीच्या सुया चालू आहेत. अव्वा म्हणत, मग माझ्या पोराला का अशक्तपणा आलाय? काही सुया घेताना गौराबाईंना ओकारी होई, ताप येई. मी घाबरत असे. त्या म्हणत, "डॉक्टर, तुमी तोंड पाडू नका. मी न्हाय पाडलं."

नवव्या महिन्यात मुलगा झाला. मी आधी तळवे पाहिले. गुळगुळीत. मग नाक. त्यानं असा टाहो फोडला, की नाकाची परीक्षा तिथंच झाली. पुढं त्याचं रक्तही तपासून आलं, स्वच्छ.

आता बारशाचं ऐका. बसप्पांनी बाजार जेवायला बोलावला. पंगत उठते न उठते, तोच खात्रीवाले वैद्य हजर. गळ्यात माळा, कपाळाला भस्म. "अव्वा, माझं औषध मुरायला वेळ लागतो," म्हणाले. अव्वांना वाटलं, यानंच कधीतरी लेकाला ताकद दिली होती. त्यांनी जरीचा फेटा मागवला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या डोक्याला बांधायला लावला. बसप्पा माझ्याकडं बघू लागले. मी शब्द दिला होता. मी टाळ्या वाजवल्या.

हात धुताना मी वैद्यांना गाठलं. "वैद्यराज, जखम तर औषध न घेतासुद्धा भरते."

ते हसले. फेटा सावरत म्हणाले, "डॉक्टर, म्हणून तर खात्री देतो."

म्हणजे ठाऊक होतं! मी तांब्या फेकून मारणार होतो. पण गौराबाई बाळ घेऊन मध्ये आल्या आणि त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. हातात बाळ असताना तांब्या फेकता येत नाही. बाईला सौदा कळत होता. जाताना बसप्पांनी उपरण्याखाली माझा सगळा पंजा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढं पेनिसिलीन आलं आणि हे सगळं सोपं झालं. जखम दिसली की ती भरायच्या आत डॉक्टर गाठावा, रक्त तपासावं, आणि नवरा-बायकोनं दोघांनी औषध घ्यावं. भरलेली जखम ही रोग गेल्याची पावती नव्हे. अव्वा गेल्या, बसप्पाही गेले. गौराबाई परवा म्हणाल्या, "आता लिहा, माझं काय जात न्हाय. फक्त नावं बदला." म्हणून लिहिलं.

फेट्याचं दुःख आहेच, पण फेटा जाऊ द्या. बाजारात दलाल मालाची खात्री देतो, तेव्हा माल बिघडला तर जाब त्यालाच द्यावा लागतो. खात्रीवाले, तुम्ही असाल तर तुम्ही, नसाल तर तुमची गादी चालवणारा जो कुणी असेल त्यानं पुढं यावं. आधीच्या दोन लेकरांचा जाब द्या. हात पुढं करा. वर कापड नको.