व्याह्यांच्या गाडीची चाकं

बुरुलला माणसांची तोंडं लक्षात राहत नाहीत, टायर राहतात. "मागच्या हिवाळ्यात डाव्या बाजूला भेग घेऊन आला होतास तो तूच ना?" असं ती विचारते, आणि समोरचा दांडगा ट्रकवाला शाळकरी पोरासारखा मान हलवतो.

तिचं टायरचं दुकान म्हणजे रेल्वेचा एक जुना डबा. खिंडीचा चढ जिथं सुरू होतो तिथं रस्त्याच्या कडेला तो कायमचा बसवलेला आहे, मागं लागूनच घर. वर वळणांमागून वळणं, माथ्यावर बोगदा, आणि बोगद्यापलीकडं सुसामिरचं पठार. नवरा, सापार, होता तोवर बुरुल फक्त चहाचं बघायची. तो गेला तेव्हा सगळ्या भावकीनं सांगितलं, दुकान विकून टाक. तिनं ऐकून घेतलं, मग सापारचं कातडी एप्रन अंगावर चढवलं, डोक्याचा रुमाल मागं घट्ट बांधला आणि दारात उभी राहिली. पहिल्या हिवाळ्यात गाडीवाले डब्यात डोकावून विचारायचे, "आत कुणी माणूस आहे का?"

"आहे ना," बुरुल म्हणायची, "तुमच्याशी बोलतंय ते कोण आहे?"

आता मात्र चढाला लागणारी गाडी तिच्या दारापाशी हळू होते. बुरुलनं हात वर केला तर थांबते.

त्या रस्त्यावर एक जुनी खोड आहे. गाडीला जोर मागच्या चाकांचा, म्हणून बर्फाचे खिळेवाले टायर लोक फक्त मागं घालतात आणि पुढं उन्हाळ्यातलेच झिजवत राहतात. सापार त्यावर डोकं आपटायचा. म्हणायचा, "अरे, ढकलतील मागची, पण वळायचंय पुढच्यांना!" बुरुलही तेच सांगत आली. परक्यांना सांगणं सोपं होतं.

नोव्हेंबर संपता संपता सुसामिरहून व्याही आले. बुरुलची एकुलती मेरिम तिकडच्या मुलाला द्यायची ठरली होती, आणि सासरच्यांनी येऊन मुलीच्या कानात डूल घातले की बोलणी पक्की. मुलाचे वडील शारशेन म्हणजे घोड्यांचे मोठे कळप राखणारा भारदस्त माणूस, डोक्यावर उंच पांढरी टोपी. सोबत त्यांची बायको उमसुनाय, दोन बहिणी, भाऊ आणि मांडीवरचा नातू. डूल घातले गेले. मेंढीचं डोकं मानानं शारशेनच्या पुढं ठेवलं गेलं. घर उकळत्या रश्श्याच्या वासानं भरून गेलं.

बुरुल कोळसा आणायला अंगणात गेली. तिथं व्याह्यांची जुनी मिनीबस उभी होती. सवयीनं नजर खाली गेली. मागं नवेकोरे खिळेवाले टायर. पुढचे पार गोटा! तळहात फिरवला तर चहाच्या बशीवरून फिरवावा तसा सरकला. वर बघितलं, तर ढग खिंडीत उतरायला लागला होता.

ती आत आली. "व्याही, आजची रात्र राहा की. वर हवा बिघडतेय."

"विहीणबाई, दाढी काळी होती तेव्हापासून ही खिंड ओलांडतोय. घोड्यावरून, ट्रकमधून, सगळ्यातून."

"तसं नाही, पण गाडीचे पुढचे टायर जरा..."

शारशेननी हातातली सुरी ताटात ठेवली. "बघा! सुनेचे डूल अजून कानात रुळले नाहीत, आणि विहीणबाई माझ्या गाडीत खोट काढायला लागल्या."

सगळे हसले. शारशेनही हसले, पण कपाळावरची आठी काही हलली नाही. चहा ओतणाऱ्या मेरिमचा हात थबकला. तिनं आईकडं असं बघितलं, की बुरुलनं पुढचा शब्द गिळला. याहून लहान गोष्टीवरून डूल परत गेलेले तिनं पाहिले होते. आणि बोलायचं नाही, तर मग काय? या सगळ्यांना, त्या मांडीवरच्या पोरासकट, वरच्या वळणावर पाठवायचं?

स्वयंपाकघरात तिची थोरली जाऊ काकेन सुईत दोरा ओवत बसली होती. व्याह्यांची थट्टा करण्याचा हक्क मुलीकडच्या बायकांचा. पाहुण्यांचे कोट गादीला शिवून टाकायचे आणि गाणं म्हटल्याशिवाय सोडायचे नाहीत, हा काकेनचा ठरलेला खेळ. आणि थट्टेवर जो रागावला, त्याला हिवाळाभर गाव हसणार.

बुरुल त्या सुईकडं बघत राहिली.

"जाऊबाई, पूर्वी म्हणे व्याह्यांचा घोडाच लपवायचे?"

"लपवायचे की. आता घोडा कुठनं आणू?"

"अंगणात उभा आहे."

काकेननं खिडकीतून बघितलं, मग जावेकडं, आणि तोंडावर रुमालाचं टोक धरून हसू दाबलं. "जा तू. आत मी बघते. एकालाही उठू देत नाही."

आत काकेनच्या गप्पांना ऊत आला, ताटांवर ताटं आली, आणि बाहेर बुरुलनं एप्रन चढवलं.

पाहुणे निघायला म्हणून दारात आले आणि थबकले. मिनीबस लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी, चारही चाकं गायब, आणि काचेवर नव्या नवरीसारखा लाल रुमाल!

 मग उमसुनायबाईंनी दोन्ही मांड्यांवर थाप मारली आणि पोट धरून हसायला लागल्या.

"माझी चाकं कुठायत?" शारशेन.

"घोडा चरायला सोडलाय, व्याही," काकेन म्हणाली. "गाणं म्हणा, मग बोलावते."

"मी? गाणं?"

"म्हणा हो," उमसुनाय म्हणाल्या. "माझ्या लग्नात म्हटलं होतं, त्यानंतर आवाज फक्त घोड्यांवर चढवलात."

शारशेन बायकांकडं बघत उभे राहिले.  मग त्यांनी टोपी काढून छातीशी धरली, घसा खाकरला, आणि गायले. कळप उन्हाळी कुरणाकडं नेतानाचं जुनं गाणं. आवाज फाटका होता, पण काय मोठा! समोरच्या डोंगरानं शेवटची ओळ त्यांना परत म्हणून दाखवली. मेरिमच्या डोळ्यांत पाणी आलं.

बुरुल डब्यामागून चाकं घरंगळत घेऊन आली. प्रत्येकाला पांढरा रुमाल बांधलेला. पुढच्या दोघांवर कोरे, खिळेवाले टायर.

"आमच्याकडं व्याह्यांना कोट-टोपी दिल्याशिवाय पाठवत नाहीत," ती म्हणाली. "घोड्याला अनवाणी कसं पाठवू? त्याला बूट."

दिलेला आहेर परत करता येत नाही. शारशेन खाली वाकले, खिळ्यांवरून अंगठा फिरवला. बाजूला पडलेल्या जुन्या जोडीकडं बराच वेळ बघितलं.

"मागचे माझे चांगले होते," ते म्हणाले.

"फार चांगले. म्हणून तर ते तसेच ठेवले."

यावर ते खरे हसले. आठी गेली. कोटाच्या बाह्या सारून त्यांनी स्वतःच पाना उचलला, आणि दोघं शेजारी शेजारी नट आवळत बसले.

गाडी वळणाआड गेली आणि बर्फ सुरू झालं. अंधार पडला तरी बुरुल डब्याच्या दारातून हलली नाही.

"आई, मनातून रागावले नसतील ना?" मेरिमनं विचारलं.

"रागावू देत. आधी पोचू देत."

फोन वाजला. "विहीणबाई, पोचलो." आवाज शारशेनचा होता. "बोगद्याच्या अलीकडं ट्रक आडवा पडला होता. अचानक समोर आला. मी स्टिअरिंग फिरवलं आणि..." शारशेन थांबले. "गाडी वळली."

बुरुलनं डोळे मिटले. शेजारी कान देऊन उभ्या मेरिमचा हात आपल्या डुलाकडं गेला.

"आणि एक ऐकून ठेवा," व्याह्यांचा आवाज चढला. मागं बायकांचा हशा ऐकू येत होता. "लग्नाला याल तेव्हा गाडीवर नजर ठेवा. माझ्या बहिणी आत्तापासून नट काढायचे पाने गोळा करताहेत!"

"करू देत की," बुरुल म्हणाली. "पण माझं गाणं ऐकलंत, तर चाकं तुम्हीच पळत आणून द्याल."

बाहेर एका गाडीनं हॉर्न दिला. तिनं एप्रनची गाठ घट्ट केली आणि बाहेर पडता पडताच पुढच्या टायरकडं बघितलं.