रांजणावरचं झाकण

भास्कर गेल्याचं मला नांदेडला, मी शिकवतो त्या कॉलेजात कळलं. पहिला विचार मनात आला तो हाच, की आता अण्णांना कोण सांगणार? अण्णा म्हणजे माझे वडील, निलंग्याच्या शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर. मीच जाऊन सांगितलं. ढसाढसा रडले. हल्ली त्यांना काही लक्षात राहत नाही; सकाळी विसरले. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेवढेच रडले. मी गेलो तर एवढं रडतील का, असं तेव्हाही वाटून गेलं... मग मी सांगायचंच बंद केलं.

भास्कर एसटी कंडक्टरचा मुलगा, माझ्याच वर्गातला; आमच्याच घरी जेवायचा, अभ्यास करायचा. भूकंप झाला त्या वर्षी अख्खं निलंगा अंगणात राहायला आलं होतं. जमीन सारखी गुरगुरायची, त्यात शेतांमध्ये विहिरींचे सुरुंग उडायचे. अण्णांनी रांजणावरचं पितळी झाकण मुद्दाम सैल ठेवलं. ते वाजलं की आम्हा दोघांना विचारायचे, "वळखा, सुरुंग का भूकंप?" मी उतावळा, लगेच उत्तर फेकायचो. भास्कर झाकण पुरतं थांबेपर्यंत गप्प. मग म्हणायचा, "भूकंप हाय अण्णा. आधी बारीक वाजलं, मग जोरात. सुरुंग पैल्यांदाच दणकतो." अण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. तो हात मला अजून दिसतो.

पुढे जन्मभर त्यानं तेच केलं. भौतिकशास्त्र शिकला, परदेशी गेला. जगात कुठं जमीन हलली की यंत्रांनी टिपलेल्या लहरींवरून तो भूकंप की कुणी चोरून केलेली अणुचाचणी, हे गणितानं ओळखायचं, हेच त्याचं काम. त्याची रीत देशोदेशीचे लोक वापरतात म्हणे. मी वर्गात फळ्यावर गणितं सोडवतो आणि मागच्या बाकावरची पोरं मोबाईल बघतात. मत्सर हा फार सभ्य शब्द झाला. मी जळायचो. शाळेत पहिला नंबर माझा होता, हे मी अजून कुणी न विचारता सांगतो.

भास्कर सुट्टीत आला की अण्णांच्या पाया पडायचा आणि थेट रांजणापाशी जाऊन झाकण बोटानं सैल करायचा. एकदा म्हणाला, "तुझं बरं हाय गड्या, तू अण्णांच्या हाकेवर हायस." मला तो टोमणाच वाटला. आता वाटतं, तोही जळत असेल... पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही.

गेल्या रविवारी दुपारी झाकण वाजलं. घरात अण्णा आणि मी, दोघंच. त्यांनी डोळे उघडले. "वळख, सुरुंग का भूकंप?"

हा प्रश्न पहिल्यांदाच एकट्या मला आला होता. मी घाई केली नाही. झाकण थांबू दिलं. "सुरुंग, अण्णा. पैलाच दणका मोठा. मागं काई न्हाई."

त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. "बराबर. आता भास्कराला फोन लाव. त्याला पटतंय का इचार."

मी मोबाईल कानाला लावला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. "पटलं म्हणतोय," मी म्हणालो.

अण्णांनी समाधानानं डोळे मिटले. मी उठलो आणि रांजणावरचं झाकण बोटानं पुन्हा सैल केलं.