चुकलोमामा आणि उंच केलेली गाडी

खड्डा आला की चुकलोमामा माफी मागायचे. रस्ता त्यांनी बांधलेला नव्हता, खड्डा त्यांनी खणलेला नव्हता, तरी गाडी आदळली की मान किंचित मागे वळवून ते म्हणत, "चुकलो हां." पालघर ते मासवण आणि मासवणच्या पुढे डोंगरातले पाडे, एवढ्या वाटेत हे इतक्यांदा व्हायचं की त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं. समोरचा ट्रक चुकीच्या बाजूने अंगावर आला तरी हेच. एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, चूक त्याची होती."

"त्याची त्याच्यापाशी, ताई. आपली थोडी असंलच ना."

ऐंशीच्या दशकात पालघरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी फिरत्या पथकाची व्यवस्था बघत होते. कोणत्या वारी कोणता पाडा, किती औषध, किती डिझेल, सगळं माझ्याकडे. गाडीत जायचे ते चालवणारे मामा आणि सिस्टर. सिस्टर साताऱ्याकडच्या, अबोल. नवरा तारापूरला वीजकेंद्रात होता. लसी टोचणं, गरोदर बायांना तपासणं, जखमा बांधणं हे त्या एकट्या करायच्या. मी कचेरीत बसून तक्ता भरायचे. फेरी चुकली की मला अन्न गोड लागत नसे, आणि ते मी लपवतही नसे.

पावसाळ्यात फेऱ्या चुकायच्याच. आमची व्हॅन बुटकी. पाड्याच्या वाटेवर पोट दगडाला घासायचं आणि ओहोळाच्या फरशीवर, त्या बिनकठड्याच्या बुटक्या पुलावर, पाणी चढलं की गाडी तिथूनच परत. मामा परतले की माझ्या टेबलाशी अपराध्यासारखे उभे राहायचे. एका उन्हाळ्यात ते गाडी बोईसरला ट्रकच्या गॅरेजात घेऊन गेले आणि स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून ती चांगली वीतभर उंच करून आणली. "आता फरशीला बघून घेऊ, ताई," ते म्हणाले. सिस्टरांना चढता यावं म्हणून त्यांनी स्वतः फणसाच्या फळीची पायरी ठोकली. पाड्यावरची पोरं तिला उंटाची गाडी म्हणू लागली. त्या पावसाळ्यात आमची एकही फेरी चुकली नाही. विश्वस्तांच्या बैठकीत मी हे दोनदा सांगितलं.

गाडी उंच झाली, पण धक्के झेलणारे तिचे शॉकअप होते तेवढ्याच लांबीचे राहिले. चाक खड्ड्यात उतरलं की ते पुरे पडेनात. ताणून ताणून गणपतीच्या सुमारास त्यांचे टोकाचे, गाडीला अडकवायचे कान तुटले आणि तेल गळून गेलं. शॉकअप नसले की गाडी एकदा उडाली की उडतच राहते. मामांची माफीसुद्धा तिला गाठू शकेना. एका संध्याकाळी सिस्टर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "माझी पाठ गेली. मला वॉर्डात घ्या."

त्या उतरल्या असत्या तर फिरता दवाखाना बंद पडला असता. त्या वाटेला दुसरी नर्स तयार नव्हती. मी विचारून पाहिलं होतं. मी सिस्टरांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. मामा दाराबाहेर उभे राहून ऐकत होते.

"ठोकळं मी घातलं. बाईंची पाठ मी मोडली," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून शोधाला लागले.

त्यांनी काथ्याच्या दोरीला दोन गाठी मारल्या. चाक वर दाबलं जातं तेव्हाचं माप एक गाठ, चाक लोंबतं तेव्हाचं दुसरी. शॉकअप मिटून पहिल्या गाठीत बसला पाहिजे आणि उघडून दुसरीपर्यंत पोचला पाहिजे. ही दोरी गळ्यात अडकवून ते बोईसरच्या भंगारवाल्यांकडे फिरू लागले. सुटीच्या दिवशी मीही जायचे.

"चाचा, ये कौन सी गाडी का नाप है?" एका भंगारवाल्याने विचारलं.

"हमारा गाडी का."

"कंपनी ने ऐसी गाडी बनाई ही नहीं."

"कंपनी ने नाय, मैंने बनाया. चुकलो," मामा म्हणाले.

जीपचे शॉकअप आखूड पडले. ट्रकचे लांबीला बसले, पण ते पारखायची मामांची रीत वेगळी होती. त्यांनी सिस्टरांच्या जागेवर ताडीचं भरलेलं मडकं ठेवलं आणि मला ते धरायला बसवलं.

"मामा, दवाखान्याच्या गाडीत ताडी? पाणी भरा की."

"पाण्याला काय कळतं? ताडी जरा हलली का लगेच बोंबलते."

मासवणच्या रस्त्याला लागायच्या आत ताडी फेसाळून माझ्या मांडीवर आली. ट्रकचे शॉकअप आमच्या हलक्या गाडीला फार कडक होते. घरी सासूबाईंनी माझा पदर वास घेऊन बाजूला सारला आणि रात्रभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मोडीत निघालेल्या एका मिनीबसचे शॉकअप मिळाले. दोन्ही गाठींना बरोबर. कानांत बसणारे बुश तेवढे लेथवर उतरवून घ्यावे लागले. पुन्हा मडकं, पुन्हा मी. मासवण गेलं, कच्चा रस्ता लागला, ताडी काठाशी डोलत राहिली, पण बाहेर आली नाही. मामांनी गाडी थांबवली, मागे येऊन मडक्यात डोकावले आणि तिथेच रस्त्याकडेला बसून डोळे पुसले.

सिस्टर थांबल्या. हिवाळाभर त्या गाडीने गेल्या, गाडी छान झाली म्हणाल्याही. आणि वैशाखात, पाड्यांवर भाताचे राब भाजायची कामं उरकत आली असताना, त्यांनी पुन्हा अर्ज दिला. पाठ.

या वेळी मी अडवलं नाही. पावसाळा सिस्टरांशिवाय सुरू झाला. डॉक्टर जमेल तेव्हा जात. इतर दिवशी उंटाची गाडी दवाखान्याच्या मागे उभी असे. मामा तिला पुसून ठेवत. शॉकअप उशिरा मिळाले, तोवर बाईंच्या पाठीचं व्हायचं ते होऊन गेलं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. उपयोग झाला नाही. निर्गुडीचा पाला तेलात कढवून, बाटली भरून ते सिस्टरांच्या क्वार्टरवर नेऊन द्यायला लागले. निवृत्त होऊन खाडीकाठच्या आपल्या गावी, माकुणसारला गेल्यावरही ते चालू राहिलं. घरात जायचे नाहीत. पायरीवरच बाटली ठेवायची, "रातचं चोळा" म्हणायचं आणि निघायचं.

नव्वदच्या दशकात मामा अंथरुणाला खिळल्याचं कळलं. सिस्टर स्वतःहून माझ्याकडे आल्या. "माझ्याबरोबर माकुणसारला चला. एकटीने मला जमणार नाही."

वाटेत त्यांनी पिशवी उघडून दाखवली. निर्गुडीच्या तेलाच्या बाटल्या, बुचं न काढलेल्या. "घरी अजून आहेत," त्या म्हणाल्या. "टाकवतही नाहीत आणि लावायला दुखणंही नाही." मी काही विचारायच्या आधी त्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मामा खाटेवर होते, फार वाळलेले. सिस्टरांना बघून उठायला गेले. सिस्टरांनी त्यांना पुन्हा निजवलं आणि शेजारी बसल्या.

"मामा, माझी पाठ कधी गेलीच नव्हती. मला पाण्याची भीती वाटायची. आधी फरशीवर पाणी असलं की आपण परत फिरायचो. गाडी उंच झाली आणि फिरायचं बंद झालं. खालून पाणी जाताना आवाज यायचा ना, माझा जीव जायचा. भीती वाटते म्हणायची लाज वाटली, म्हणून पाठ म्हणाले."

मामांनी नजर आढ्याकडे फिरवली. मला वाटलं, ते रागावले. रागावायला हवेही होते.

"अवो सिस्टर," ते म्हणाले, "मग मला सांगायचं ना! मी तं मधल्या धारेला डोळं मिटून घ्यायचो."

"डोळे मिटून गाडी चालवायचात?"

"मला पवता कुठं येतं?"

"माकुणसारचे असून?"

"खाडीपाशी ऱ्हायलो म्हंजे मासा झालो काय? तुमी मागं गप बसलेल्या. मी म्हणायचो, बाईमानूस भीत नाय, आपण कुठल्या तोंडानं बोलायचं?"

दोघंही हसायला लागले. सिस्टर हसता हसता रडल्या, मामांना खोकला आला, सुनेने पाणी आणलं. खोकला थांबल्यावर सिस्टरांनी विचारलं, "मग परत का नाही फिरायचात, मामा?"

मामांची नजर चटकन माझ्याकडे आली आणि तितक्याच चटकन भिंतीकडे गेली.

"पाडं ऱ्हायलं असतं ना," ते म्हणाले.

सुनेने माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली, बसा म्हणाली. मला बसवेना. मी दाराशी उभीच राहिले.