भोवत्यांसाठी एक पात कापूस

नाशिकच्या बसस्थानकावर पहाटे साडेपाच वाजता बीडच्या गाडीच्या वाहकाने माझ्या गळ्यातली दुर्बीण, पायातले बूट आणि डोक्यावरची हिरवी टोपी असे सगळे नीट न्याहाळले आणि विचारले, "मावशी, गड चढायला निघालात का?"

"नाही हो, घारी बघायला."

त्याने पुढे काही विचारले नाही. शहागडचे तिकीट हातात ठेवले आणि तो मागच्या बाकाकडे सरकला. मला राग आला नाही. छप्पन्नाव्या वर्षी रजा टाकून पाखरे बघायला जाणाऱ्या बाईशी काय बोलावे, हे माझ्या घरच्यांनाही अजून कळलेले नाही.

या प्रवासाचे मूळ आमच्या विमा कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत आहे. माझा सहकारी नामदेव जालना जिल्ह्यातला. डबा खाताना तो सहज बोलून गेला, "आमच्या अक्काच्या गवतात दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास लांब पंखांच्या घारी येतात. रात्री जमिनीवरच झोपतात." माझा घास हातातच राहिला. आपल्या घारी झाडावर झोपतात. थव्याने येऊन गवतात झोपणारा शिकारी पक्षी म्हणजे भोवत्या. मध्य आशियातल्या गवताळ मुलुखातून हजारो किलोमीटर उडत ही मंडळी पावसाळा सरताना आपल्याकडे उतरतात, शेतांवर फिरून नाकतोडे खातात आणि संध्याकाळी गवतात मुक्कामाला एकत्र जमतात. एकटादुकटा भोवत्या मी खूप वेळा पाहिला होता. मुक्काम मात्र कधीच पाहिला नव्हता, आणि नुसत्या कल्पनेने मला भाजी कसली होती तेही आठवेना.

पण नामदेवने पुढचेही सांगितले. ते एक एकर गवत अक्का आणि तिचा धाकटा दीर अंकुशराव यांच्या सामाईक मालकीचे. यंदा ते मोडून हरभरा पेरायचा, असे अंकुशरावांचे म्हणणे. खूप भांडणानंतर दोघांचे ठरले होते: शनिवारी संध्याकाळी अंकुशरावांनी स्वतः येऊन बघायचे. पाखरे उतरली तर गवत राहील, नाही उतरली तर रविवारी सकाळी ट्रॅक्टर. "तुम्ही जाणकार आहात, त्याला दोन शब्द समजावून सांगा," नामदेव म्हणाला. जाणकार! ही पदवी मला पहिल्यांदाच मिळत होती. मी शुक्रवारीच निघाले.

शहागडला उतरले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. हमरस्त्यावर ट्रकांची रांग आणि टायरवाल्यांचा ठोकाठोकीचा आवाज, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे गोदावरी. पुलाच्या कठड्यापाशी जाऊन मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले. पाण्याच्या कडेला लाल लांब पायांचे शेकाटे, वाळूवर शेपटी नाचवणारे धोबी, आणि मधल्या बेटावर केशरी रंगाची चक्रवाकांची जोडी, हिमालय ओलांडून नुकतीच आलेली! दहा मिनिटांत मी तीन ट्रकवाल्यांना बोलावून चक्रवाक दाखवले. एकाने दुर्बीण उलटी धरली आणि "लई लांब हाय," असे म्हणून परत दिली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "नामदेवच्या हापिसातल्या बाई तुम्हीच का?"

मोटारसायकलवर पांढरी टोपी घातलेला, पंचावन्न वर्षांचा सडपातळ माणूस. मागे हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी बांधलेली. हेच अंकुशराव. ज्या माणसाला समजवायचे तोच मला न्यायला आला होता, आणि सोबत बियाणेही घेऊन आला होता.

वाटेत अंतरवाली सराटीच्या चौकात चहाला थांबलो. मी लगेच भोवत्यांचे कौतुक सुरू केले. ते किती लांबून येतात, किती नाकतोडे खातात. अंकुशरावांनी बशीत चहा ओतून शांतपणे ऐकून घेतले.

"बाई, पाखरं चांगले आहेत, मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो? पण जमिनीतली ओल चाल्ली उडून. आठ दिवस गेले की हरभरा उगवत न्हाई. आन मागच्या साली किती आल्ते? पाच. पाच पाखरांपायी एक एकर पडीक ठुवायची?"

माणूस बरोबर बोलत होता, हीच अडचण होती.

वाडी तिथून पुढे, कच्च्या रस्त्यावर. अक्का ओसरीवर उभीच होती. साठी उलटलेली, काटक, बोलायला तिखट. पाणी, चहा, बाजरीची भाकरी, ठेचा, सगळे एकापाठोपाठ आले. माझ्या बुटांकडे बघून ती म्हणाली, "हे काढून ठुवा. कुसळं घुसले की रडताल." मी ऐकले नाही. संध्याकाळी गवतापाशी पोचेपर्यंत कुसळांनी (गवताच्या टोकदार काड्यांनी) माझे मोजे शिवून टाकले होते आणि मी बांधावर बसून अक्षरशः रडकुंडीला आले होते.

पण मग सूर्य तिरपा झाला आणि पश्चिमेकडून एक राखी नर आला. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचललेले, जमिनीपासून हातभर उंचीवर, हरवलेली सुई शोधावी तसा मान खाली घालून. त्याच्या मागे दोन तपकिरी माद्या. तिघांनी गवतावर दोन फेऱ्या मारल्या आणि पाय खाली सोडून ते अलगद आत शिरले. मी अक्काचा दंड इतक्या जोरात धरला की ती ओरडली, "सोडा की बाई, मला कुठं उडून जायाचंय!"

आणि इथे मी माती खाल्ली. पक्षी बघणाऱ्यांना एक खोड असते: दिसले की दुसऱ्याला सांगितल्याशिवाय पचत नाही. त्याच बांधावर बसून मी आमच्या फोनवरच्या गटात लिहिले, "भोवत्यांचा मुक्काम!!!" आणि खाली जागेचा नेमका नकाशा टाकला. तीन उद्गारचिन्हांसह. मग समाधानाने भाकरी खाऊन झोपले.

शनिवारी सकाळी अक्काकडे सीतादही होते. या भागात कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी कपाशीच्या झाडाखाली दगड मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. कपाशीचे शेत गवताला लागूनच होते. वेचायला आलेल्या आठ बायकांबरोबर मीही दहीभात खाल्ला. मग त्यांनी कमरेला फडकी बांधून त्यांची झोळी केली, एकेक पात (वेचायला वाटून दिलेली ओळ) धरली आणि वाकून बोलत, हसत पुढे सरकू लागल्या. मी बांधावर बसून खाटीक पक्ष्याचे निरीक्षण करत होते. चंद्रकलाबाई नावाच्या एका बाईने विचारले, "ह्या काय करून राह्यल्या?" अक्का म्हणाली, "पाहुण्या आहेत. बसू दे."

चार वाजता धुरळा दिसला. एक गाडी, दुसरी, तिसरी, चौथी. मी फोन काढून माझा कालचा निरोप पुन्हा वाचला.

संभाजीनगरहून, जालन्याहून आमच्या गटातले आणि त्यांच्या ओळखीचे मिळून अकरा जण उतरले. कोणी सैनिकासारखे ठिपक्यांचे कपडे घातलेले, कोणाच्या हातात उखळाएवढे कॅमेरे. सगळ्यांचे चेहरे कालच्या माझ्यासारखेच फुललेले. "मॅडम, कमाल केलीत!" म्हणत त्यांनी कॅमेऱ्यांच्या तिकाट्या बांधावर रोवल्या आणि गवताकडे तोंड करून रांगेत उभे राहिले. वाईट कोणीच नव्हते. म्हणून तर ओरडताही येईना.

साडेपाचच्या सुमारास अंकुशराव आले आणि लिंबाखाली उभे राहिले.

मग पाखरे आली. काल तीन होती, आज पंधरा... वीस... मी मोजणे सोडले. वाऱ्यावर तरंगत ती गवतावर आली, बांधावरची रांग दिसताच पंख फडकावून वर उचलली गेली आणि उंच गोल फिरू लागली. पुन्हा खाली आली, पुन्हा उचलली गेली. कॅमेरे खटखटत होते. तिसऱ्या खेपेला चार-पाच भोवत्यांनी तोंड फिरवले आणि ते पश्चिमेला निघून गेले. सूर्य टेकायला वीसेक मिनिटे उरली होती.

अंकुशराव म्हणाले, "वहिनी, पाखरं येतेत, पण उतरत न्हाईत. मंग उद्याचा ट्रॅक्टर पक्का."

अक्काचे तोंड एवढेसे झाले. मला राहवेना. मी तिच्यापाशी गेले आणि सांगून टाकले, "अक्का, यांना मी बोलावलं. काल फोनवर जागा कळवली. माझ्यामुळे झालं हे."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेने मला पुरते कळले की ती किती वर्षे हे गवत सांभाळत आली होती. मग ती वेचणाऱ्या बायकांकडे बघत राहिली. आठ जणी गवताला अगदी खेटून, वाकून वेचत होत्या आणि एक भोवत्या त्यांच्या डोक्यावरून बिनघोर गेला.

"हे पाहा," अक्का म्हणाली, "ह्या बाया सकाळपासून इथंच आहेत. त्यांला भेले का पाखरं? वाकून काम करणाऱ्याला न्हाई भेत ते. उभं राहून टक लावणाऱ्याला भेतेत." आणि बांधाकडे वळून तिने असा आवाज दिला की मीही दचकले. "ए फोटूवाले! ठुवा ते खाली! माझ्या शेतात आज रिकामं उभं राह्याचं न्हाई. चला, एक-एक पात धरा! जल्दी!"

क्षणभर कोणी हलले नाही. मग मीच कुसळांनी भरलेल्या मोज्यांसकट शेतात उतरले आणि पहिली पात धरली. पाठोपाठ सगळे आले. चंद्रकलाबाईने ठिपक्यांच्या कपड्यातल्या आडदांड गृहस्थाच्या कमरेला आपले जादा फडके बांधले, गाठ बसेना, तेव्हा ती म्हणाली, "पोट आत घ्या, दादा." बायका खुदूखुदू हसत होत्या. बाकीच्यांनी रुमाल बांधले, टोप्या उलट्या धरल्या. "मान वर करायची बिलकुल न्हाई," अक्का बजावत फिरत होती. "कापसाकडं पाहा!"

पक्षीनिरीक्षकाला याहून मोठी शिक्षा नाही. डोक्यावर भोवत्या आणि नजर बोंडावर! कपाशीच्या वाळक्या टरफलांनी माझी बोटे ओरबाडली, कंबर म्हणाली आता पुरे. पण हळूहळू आजूबाजूची कुजबुज थांबली. आणि मग ती सावली माझ्या हातावरून सरकत गेली. एक. मग दुसरी. पंखांखालचा वारा लागला म्हटले तर खोटे वाटेल, पण मला तो लागला. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले: एक मादी पाय सोडून गवतात उतरली. तिच्यामागे नर. मग इकडून दोन, तिकडून चार. पश्चिमेला गेलेलेही परत आले. गवत जागोजागी हलत होते आणि पुन्हा स्थिर होत होते. मला ओरडावेसे वाटत होते, नाचावेसे वाटत होते, आणि मी कापूस वेचत होते. डोळ्यांतून पाणी येत होते ते पुसायलाही मान वर केली नाही.

शेजारच्या पातीत कोणीतरी वाकलेले दिसले. पांढरी टोपी. अंकुशरावांनी कधी पात धरली होती कोण जाणे. हात सराईतपणे चालत होते आणि ओठ मोजत होते.

"बेचाळीस," अंधारताना ते हळूच म्हणाले. "वहिनी, बेचाळीस उतरले."

"मंग?"

त्यांनी आणखी एक बोंड वेचून झोळीत टाकले. "मंग काय. हरभरा वरच्या तुकड्यात टाकू. तिथली ओलबी बरी हाय."

अक्काने आपल्या झोळीतला कापूस त्यांच्या झोळीत ओतला आणि घराकडे चालू लागली.

रविवारी सकाळी बस पकडायला निघण्याआधी अक्का आणि मी गवताकडे गेलो. ट्रॅक्टर आला होता, पण गवताला वळसा घालून वरच्या तुकड्यात चालला होता. अंकुशराव चालकाच्या बाजूला बसले होते. फाळाने उठवलेल्या नाकतोड्यांवर एक राखी नर मागून झेपावत होता. "बाई!" अंकुशराव एवढ्या जोरात ओरडले की ट्रॅक्टरच्या आवाजातही ऐकू आले. "पाहा, पाहा! माझ्या मागं लागलंय!" परवा चहाच्या टपरीवर मला हिशेबी वाटलेला हा माणूस लहान मुलासारखा हात करत होता.

परतीच्या बसमध्ये मी बोटांतले काटे काढत नाशिकपर्यंत आले. सोमवारी कचेरीत नामदेवने फोटो मागितले. एकही नव्हता. बत्तीस वर्षे मी दुर्बिणीतून पाखरे पाहिली, आपण त्यांना बघतो असेच मला वाटत आले. पाखरेही आपल्याला बघत असतात आणि आपण कसे उभे आहोत यावरून ठरवत असतात, हे मला अक्काने एका पातीत शिकवले. गटातला नकाशा मी शनिवारी रात्रीच पुसला होता. तरी काल एका नव्या सदस्याने विचारलेच, "मॅडम, मुक्कामाची जागा कळेल का?"

मी लिहिले, "अक्काला विचारून सांगते. तोवर कमरेला बांधायला एक मोठं फडकं शोधून ठेवा."