डोळे मिटून पाहिलेली मालिका

वर्णन पुढीलप्रमाणे. पुरुष, वय एकोणसाठ, बांधा मध्यम, उजव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण. व्यवसाय: बेकरीत भट्टीवर. दूरचित्रवाणी पाहण्याची वेळ: रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. पाहतेवेळी डोळ्यांची स्थिती: मिटलेली.

या शेवटच्या कलमावर घरात एकमत नव्हतं. बायकोच्या मते ते झोपलेले असत, त्यांच्या मते ते बघत असत. बायको घोरण्याचा पुरावा पुढे करी. ते म्हणत, तो श्वास आहे.

बेकरीत त्यांना टिचकीकाका म्हणत. पाव झाला की नाही हे ते रंगावरून ठरवत नसत. पाव उलटा करायचा, बुडाला टिचकी मारायची आणि ऐकायचं. पोकळ वाजला तर झाला, भरीव वाजला तर परत आत. सिनेमालाही त्यांनी हीच कसोटी लावली होती. एका गाजलेल्या युद्धपटाबद्दल त्यांचं मत असं, की दोन्ही सैन्यांकडून एकच माणूस विव्हळतो. भयपटात त्यांना एवढंच खटकलं, की त्या घरात बिजागऱ्यांना तेल घालणारं कुणी नाही. कौटुंबिक मालिकेत वाद्यं एकदम चढली की ते म्हणत, "आता सगळे एकमेकांकडे बघतायत. बोलायला लागले की सांगा." आणि सगळे खरोखरच एकमेकांकडे बघत असत.

त्यांची मुलगी विमा कचेरीत होती. तिथले मॅनेजर रोज सकाळी काकांकडून पाव नेत, आणि एका सकाळी काकांनी पावाबरोबर मुलीचा अर्जही दिला होता. आयुष्यात त्यांनी कुणाकडे टाकलेला तो एकुलता एक शब्द. गेले दोन महिने मात्र मुलगी प्रकृतीचं कारण देऊन बिनपगारी रजेवर होती, आणि रोज डबा घेऊन, वेळेवर निघून, भलतीकडेच जात होती. परभाषेतल्या मालिकांना आपल्या भाषेतला आवाज देतात, त्या स्टुडिओत. रजा सोमवारी संपणार होती. स्टुडिओला ती कायमची हवी होती. राजीनामा चार दिवस पर्समध्ये घडी घालून पडला होता. बाबांनी टाकलेला शब्द उचलून त्यांच्याच हातात परत कसा द्यायचा, हे तिला सुचत नव्हतं.

रविवारी तिघं टीव्हीसमोर बसली. ही मालिका रविवारचीही सुटी घेत नसे. पडद्यावर धाकटी वहिनी सासऱ्यांच्या दुधात काहीतरी कालवत होती.

"जीभ बघ मेलीची, नुसतं विष," आई म्हणाली. "हिच्या आईनं हिला काही वळणच लावलेलं नाही."

मुलीनं उशी मांडीवर घेतली.

"दुधात काय घातलंस?" पडद्यावरच्या सासूनं विचारलं.

"मी?" वहिनीनं अर्धा श्वास घेतला. "मी कशाला काय घालू?"

काकांचे डोळे उघडले नाहीत. मान तेवढी जराशी वळली.

"ऑफिसात कसं चाललंय गं?"

मुलीनं अर्धा श्वास घेतला. "ठीक चाललंय, बाबा."

"हाच," काका म्हणाले.

"काय हाच?" आईनं विचारलं.

"साखरेच्या डब्यापाशी सापडायची, तेव्हापासून ही खोटं बोलायच्या आधी असा श्वास घेते. आत्ता त्या बाईनंही घेतला."

आईनं टीव्हीचा आवाज कमी केला. असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मुलीनं राजीनामा बाबांच्या मांडीवर ठेवला आणि रजा, स्टुडिओ, सोमवार, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे दोन महिने मी हिलाच शिव्या घालतेय?" आई म्हणाली.

"त्यात नवीन काय. पूर्वी समोर बसवून घालायचीस."

"अहो, पण मॅनेजरांना काय तोंड दाखवायचं?"

"आधी आवाज वाढव."

वहिनी आता पकडली गेली होती आणि ढसाढसा रडत होती. काका पावाला कान लावावा तसे ऐकत राहिले.

"विष घालताना चांगली आहेस," ते म्हणाले. "रडताना घाई करतेस. वरून रंग आलाय, आतून कच्चं आहे."

"मग?"

"मग काय. कच्चं असलं की परत आत घालायचं. जा तिथंच."

"आणि तुमचा शब्द?"

"मॅनेजर दोन महिने रोज विचारतायत, मुलीची तब्येत कशी आहे. मी सांगतोय, सुधारणा आहे. उद्या सांगतो, बरी झाली."

मुलगी बघतच राहिली. "तुम्हाला माहीत होतं? मग विचारलं का नाही?"

"तू अर्धा श्वास घेतला असतास."

नोंद: राजीनामा सोमवारी सकाळी, दोन पावांसह, संबंधितांस पोचला. सदर मालिकेचे त्यानंतरचे सर्व भाग उक्त इसमाने जातीने उपस्थित राहून पाहिले आहेत.

ती वहिनी दिसते कशी, हे त्यांना अजून माहीत नाही.