सत्ताविसाव्या मजल्याचं व्होल्टेज

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगतो. जन्मभर इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून मिरवलो आणि शेवटी विजेनेच माझं नाक कापलं.

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा मी आणि माझा साडू मिलिंद, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, अनघाचा नवरा, दोघांनी गुरुग्रामला एकाच टॉवरमध्ये फ्लॅट बुक केले. ड्रॉमध्ये आम्हाला लागला सत्ताविसावा मजला, त्याला पहिला. माझी सुनीता हरखून गेली. सगळा संसार तळमजल्यावर केलेला, तिला एकच हवं होतं: उंचावरची बाल्कनी, वारा आणि हातात चहा.

मी मात्र कॅलक्युलेटर घेऊन बसलो. टॉवरमध्ये वीज जाते ती बसवेतून, म्हणजे पत्र्याच्या उभ्या पेटीतल्या जाड पट्ट्यांमधून. लांबी वाढली की टोकाला व्होल्टेज कमी. मी करंट घेतला, लांबी घेतली आणि सगळ्या मजल्यांचा लोड एकदम शेवटच्या टोकाला टाकला. उत्तर बघून मला घाम फुटला.

"सुनीता, वर एसी चालणार नाही. फ्रिज नुसता कण्हत बसेल."

"अहो, मग उंच मजल्यांवरची माणसं काय मेणबत्त्या लावून राहतात?"

"त्यांच्या घरात इंजिनिअर नसतो, म्हणून त्यांना कळत नाही."

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मी मिलिंदला फोन लावला. लपवलं काहीच नाही हं, सगळा हिशोब त्याला ऐकवला आणि विचारलं, अदलाबदल करतोस का?

"बिल्कुल. आपल्याला कमी व्होल्टेज चालतं यार."

मला त्याची कीव आली हो! बिल्डरच्या ऑफिसात जाऊन कागदसुद्धा बदलून घेतले.

ताबा मिळाला त्या दिवशी मल्टिमीटर घेऊन आधी मिलिंदकडे गेलो. सांत्वन करायला, दुसरं काय? सॉकेटमध्ये पिना घातल्या: दोनशे अडतीस. मीटर बिघडलं वाटतं, म्हणून खाली येऊन स्वतःच्या घरी लावलं: दोनशे एकतीस. माझ्याकडे कमी? पुन्हा वर, पुन्हा खाली. लिफ्टमधल्या एक बाई माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या.

शेवटी मिलिंदच्या मजल्यावरून जिना चढून वर गेलो. समोर लोखंडी दार, त्यावर कवटीचं चित्र आणि खाली लिहिलेलं, 'ट्रान्सफॉर्मर रूम'. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी भरतं, म्हणून बिल्डरने ट्रान्सफॉर्मर थेट वर नेऊन ठेवला होता. वीज चढत नव्हतीच, उतरत होती. बसवेचं शेवटचं टोक आमच्या घराशी! आणि ड्रॉप तरी केवढा? सात व्होल्ट. पंख्यालासुद्धा कळत नाहीत. तेवढ्यासाठी मी बायकोची बाल्कनी साडूला देऊन बसलो होतो.

आता आमच्या बाल्कनीसमोर सोसायटीचा जनरेटर आहे. संध्याकाळ झाली की सुनीता चपला घालते.

"कुठे निघालीस?"

"वर. अनघाने भजी केलीत."

"आणि मला?"

"पाठवते की तुम्हाला," लिफ्टचं बटण दाबत ती म्हणाली. "खाली पोचेपर्यंत थोडी कमी होतीलच."